छत्तीस कोरी पानं

मी पासपोर्ट बोलतोय. रंग गडद निळा, छातीवर तीन सिंह, पोटात छत्तीस पानं. जन्म १२ जुलै २०१४. माणसांना आपल्या मरणाची तारीख ठाऊक नसते, म्हणून ती सगळं बिनधास्त पुढच्या वर्षावर ढकलतात. माझी तारीख मात्र जन्मतःच माझ्या अंगावर छापून आली: ११ जुलै २०२४. खरं तर त्याच्या सहा महिने आधीच मी निकामी होणार होतो. आयुष्य सहा महिन्यांपेक्षा कमी उरलं, की बरेच देश पासपोर्टला दारातूनच परत पाठवतात. हे सगळं कळायला कुणीतरी मला फक्त एकदा उघडून बघायला हवं होतं.

माझ्या मालकीण राधाबाई. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांनी बत्तीस वर्षं आयाचं काम केलं. निवृत्त झाल्या तेव्हा घोडपदेवच्या बुद्धविहारात त्यांचा सत्कार झाला. त्यांचा मुलगा विकास बँकेत नोकरीला. त्या दिवशी त्याच्या हातात माइक आला. मराठी माणसाच्या हातात माइक आला की तो काहीतरी जाहीर केल्याशिवाय खाली ठेवत नाही.

"माझ्या आईने आयुष्यभर लोकांचं हगणं-मुतणं काढलं," विकास म्हणाला. "आता मी तिला फॉरेनला नेणार!"

टाळ्या पडल्या. राधाबाईंची रुग्णालयातली जोडीदारीण रखमाबाई पहिल्या रांगेत बसली होती. तिने तिथूनच विचारलं, "कुठं जायचं गं राधे?"

राधाबाईंना विचार करावा लागला नाही. "अनुराधापूरला. झाड बघायला."

सम्राट अशोकाची लेक संघमित्ता बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापार लंकेला गेली, ही गोष्ट त्या लहानपणापासून विहारात ऐकत आल्या होत्या. ते झाड अनुराधापुरात आजही उभं आहे. "त्या काळात एक बाई होडीतून झाड घेऊन गेली," त्या म्हणायच्या, "आणि मला विमानात बसून ते नुसतं बघायला जायचंय. एवढं तर होईल ना?"

नाही झालं. का नाही झालं, तेच सांगतो.

सुरुवात झोकात झाली. लालबागच्या फोटोवाल्याने सांगितलं, "आजी, हसू नका. कान दिसू द्या." राधाबाई खास पांढरी साडी नेसून गेल्या होत्या. वॉर्डातलं पाणी गेल्याची बातमी ऐकल्यासारख्या त्या फोटोत दिसतात. मग चौकशीला पोलीस आला. 'बाई कशा आहेत' एवढंच त्याने विचारलं, तर साक्ष द्यायला अख्खी चाळ गोळा झाली. एकीने नळावरचं सोळा वर्षांपूर्वीचं भांडणही सांगून टाकलं. पोलिसाने चहा घेतला, 'चांगल्या आहेत' असं लिहिलं आणि गेला.

मी पोस्टाने घरी आलो तेव्हा राधाबाईंनी पदराला हात पुसून माझ्यासाठी पुढे केले. विकासने मला वरच्या वर उचललं. "आई, हात नको लावू, डाग पडतील. मी नीट ठेवतो."

'नीट ठेवणे' म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं. वस्तू अशा जागी ठेवायची, की ती हरवणार नाही आणि कुणी बघणारही नाही. माझी रवानगी एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये झाली. शेजारी कुकरचं गॅरंटी कार्ड आणि नातवाचा, म्हणजे सम्यकचा, लसीकरणाचा कागद. तिघेही एकाच लायकीचे.

तसा मी अगदीच बेकार नव्हतो. गॅसची जोडणी, मोबाइलचं सिम, बँक, सोसायटी, जिथे तिथे माझी झेरॉक्स जायची. माझ्या झेरॉक्स माझ्यापेक्षा जास्त फिरल्या. पण झेरॉक्सवाल्याला दोन्ही बाजू हव्या असतात, तारीख कुणालाच नको असते.

बेत मात्र चालूच असायचे. रविवारी मटण जेवून झालं, की विकास सोफ्यावर आडवा व्हायचा आणि मोबाइलवर परदेश बघायचा. थायलंड बघून झालं. बाली बघून झालं. मालदीवच्या एका हॉटेलात तर तो इतक्या वेळा मनाने जाऊन आला, की तिथल्या नाश्त्याला नावं ठेवू लागला. राधाबाई चहा घेऊन यायच्या आणि एकच शब्द बोलायच्या, "अनुराधापूर."

"हो गं आई, श्रीलंकाच बघतोय."

कधी सम्यकची परीक्षा, कधी मेव्हण्याचं लग्न, कधी नव्या जागेची धावपळ. एकदा खरंच ठरलं, तर तिकडे स्फोट झाले. पुढच्या वर्षी साथ आली आणि सगळं जग घरात बसलं. नंतर तिथे पेट्रोलचा दुष्काळ पडला. त्या तीन वर्षांचा दोष मी कुणाला देत नाही. बाकीची सगळी घरच्यांनी घालवली. मधल्या काळात कुटुंब चाळीतून करी रोडच्या टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर राहायला गेलं. कुकर बदलला, पण त्याचं गॅरंटी कार्ड माझ्यासोबत वर आलं.

आणि मग २०२३च्या डिसेंबरात विकासने जाहीर केलं, "मे महिना. फायनल." या वेळी माइक नव्हता, म्हणून मला थोडी आशा वाटली.

राधाबाई म्हणाल्या, "मे महिन्यात बुद्धपौर्णिमा असते. त्या दिवशी झाडापाशी पोचू या की."

विकासने मोबाइलमध्ये बघितलं. पौर्णिमेला त्या देशात दारूची दुकानं बंद असतात, असं त्याला कळलं. तो आईला म्हणाला, "पौर्णिमेला गर्दी असते गं, तुझे पाय दुखतील." आणि सहलीची तारीख तीन आठवडे अलीकडे आली.

सुनेने, दीपिकाने, सहा दिवसांचा कार्यक्रम छापून फ्रिजवर लावला. समुद्रकिनारा, समुद्रकिनारा, हत्ती, खरेदी. पाचव्या दिवशी लिहिलं होतं: 'आईंचं झाड, दीड तास.' राधाबाईंनी तो कागद चष्मा लावून वाचला आणि पुन्हा वाचला. "दीड तास पुष्कळ झाला," त्या म्हणाल्या. मला फाइलमध्ये गुदमरल्यासारखं झालं.

तयारी काय वर्णावी! उष्ण देशात जायचं म्हणून मुंबईच्या एप्रिलमध्ये घाम पुसत ही माणसं एकमेकांना विचारत होती, "तिथे गरम असेल का रे?" नारळाच्या देशात न्यायला सुक्या खोबऱ्याची चटणी झाली. भातमासळीच्या देशात न्यायला तांदूळ आणि सुके बोंबील बांधले गेले. विकासने कुठेतरी वाचलं, की तिकडे डास फार. घोडपदेवच्या गटाराशेजारी लहानाचा मोठा झालेला हा माणूस डासांच्या सहा ट्यूबा घेऊन आला.

"आई, तिकडे मलेरिया-डेंगू असतो. तू फुल बाह्यांचं घाल."

"अरे, मी नऊ वर्षं मलेरियाच्या वॉर्डात काढली," राधाबाई म्हणाल्या. "डासच मला ओळखतील."

त्याआधी, अकरा जानेवारीला माझे सहा महिने उरले होते. त्या दिवशी दीपिका आणि सम्यक गॉगल निवडत होते. मी आतल्या आत संपलो आणि बाहेर काळ्या काचा की तपकिरी, यावर वाद रंगला होता. सांगणार कसं? मला तोंड नाही, नुसती पानं.

निघायला आठ दिवस उरले तेव्हा दादरच्या प्रवास कंपनीतल्या अमितने ऑनलाइन परवान्यासाठी सगळ्यांच्या पासपोर्टचे फोटो मागवले. दीपिकाने फाइल काढली. झेरॉक्सशिवाय दुसऱ्या कामासाठी दहा वर्षांत मी पहिल्यांदाच उघडला गेलो. फोटो पाठवून पाच मिनिटंही झाली नसतील, तेवढ्यात अमितचा फोन आला. दीपिकाने तो स्पीकरवर टाकला.

"मॅडम, आजींचा पासपोर्ट जुलैत संपतोय. सहा महिने लागतात. हा नाही चालणार."



"तू बघितलं नाहीस?" विकास दीपिकाला म्हणाला.

"मी का? तुम्हीच नीट ठेवलेला ना?"

"तत्काळमध्ये होईल ना," अमित म्हणाला. "आजींना घेऊन उद्या-परवा केंद्रावर जावं लागेल. एक दिवस कुणीतरी सुट्टी काढा फक्त."

ते केंद्र लोअर परळला. घरापासून पायी वीस मिनिटांवर.

"सुट्टी कुठून काढू?" विकास म्हणाला. "सगळ्या सुट्ट्या ट्रिपला लावल्यात." दीपिकाच्या शाळेत निकालाचं काम होतं. सम्यकचं काहीतरी सबमिशन होतं. आईला परदेश दाखवण्यासाठी घेतलेल्या रजेतून आईसाठी एक दिवस निघेना. मग विकासने आवाज मऊ केला. "तिकिटं नॉन-रिफंडेबल आहेत गं आई. तूच सांग, काय करायचं?"

घरातल्या वडीलधाऱ्यावर निर्णय सोपवला, की निर्णय झाला असं समजावं. "तुम्ही जाऊन या," राधाबाई म्हणाल्या. "माझं काय, पुढच्या वर्षी." आणि त्या गॅसकडे वळल्या. चहा उतू गेला, तरी त्यांचा हात बटणाकडे गेला नाही.

माझ्या पहिल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली आहे. संबंधित सर्वांनी या व्यक्तीला कोणत्याही अडथळ्याशिवाय जाऊ द्यावं आणि लागेल ती मदत करावी. जगभरच्या अधिकाऱ्यांना उद्देशून आहे ती. घरच्यांना उद्देशून काही लिहिलेलं नाही. मला त्या दिवशी माझ्या सिंहांची लाज वाटली.

मंडळी जाऊन आली. उन्हाने चामडी सोलवटून, तांदूळ न शिजवता परत घेऊन. झाडापर्यंत ती गेलीच नाहीत. "रस्त्याने चार-पाच तास लागतात गं, आणि तू पण नव्हतीस," विकास म्हणाला. मग त्याने विमानतळावरच्या दुकानातून आणलेला फ्रिजवर चिकटवायचा बिल्ला आईच्या हातावर ठेवला. त्यावर झाडाचं चित्र होतं. "बघ आई, तुझं झाड!"

राधाबाईंनी तो बिल्ला उलटसुलट करून पाहिला आणि फ्रिजला लावला. मग सम्यकला म्हणाल्या, "मोबाइल काढ. त्या पासपोर्टवाल्यांची वेळ घेऊन दे मला."

अपॉइंटमेंट घ्यायला सम्यकला दहा मिनिटं लागली. माझी दहा वर्षं आणि त्याची दहा मिनिटं! तोही मोबाइल खिशात टाकताना खाली बघत होता.

तीन दिवसांनी राधाबाईंनी फाइल स्वतः उघडली. दहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या हातात आलो. कुठे तेल, कुठे डाग? बत्तीस वर्षं फिनेल आणि साबण झेललेले हात ते, खरखरीत आणि स्वच्छ. त्यांनी माझं एकेक पान उलटून बघितलं. सगळी कोरी. "तुझं पण माझ्यासारखंच झालं की रे," त्या म्हणाल्या. बाई गं, दहा वर्षांत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

उन्हाची छत्री घेऊन त्या चालतच केंद्रावर गेल्या. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "आजी, सोबत कोण आहे?"

"आहे की. रखमा आहे."

रखमाबाई मागे डबा घेऊन बसली होती. विहाराच्या यात्रेसाठी तिने स्वतःचा पासपोर्ट दोन महिन्यांपूर्वीच काढला होता. तो काढताना तिने कुठे माइक घेतला नव्हता.

मग मुलीने शिक्का उचलला आणि माझ्या अंगावर मारला. सबंध आयुष्यातला माझा पहिला शिक्का, आणि त्याच्यावर शब्द होता 'रद्द'. कात्रीने माझा कोपरा कापला. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण मला परत घेताना राधाबाईंनी कापलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं, जखम बघावी तसं. सवयच ती.

डिसेंबरात एके सकाळी विकास थंड पाणी घ्यायला फ्रिजपाशी गेला. झाडाच्या बिल्ल्याखाली एक कागद होता. विमानाचं तिकीट, विहाराच्या अकरा बायकांसोबतचं. डिसेंबरची पौर्णिमा, म्हणजे संघमित्ता लंकेत पोचली तो दिवस.

"आई, हे काय? अगं, आम्ही पुढच्या वर्षी सगळे मिळून..."

"तुम्ही ठरवा निवांत," राधाबाई बॅगेत पांढरी साडी ठेवत म्हणाल्या. "मी तोवर जाऊन येते."

गेल्या, आणि दीड तास नाही, तिथे दोन दिवस राहिल्या. आता नवा पासपोर्ट त्यांच्या पर्समध्ये असतो. त्याच्या पानावर परदेशाचा शिक्का आहे आणि त्याचा त्याला फार माज आहे. मी मात्र त्यांच्या लोखंडी पेटीत, पांढऱ्या साडीच्या घडीत असतो. परत आल्या त्या दिवशी त्यांनी पेटी उघडली, मला बाहेर काढलं आणि माझ्या अकराव्या पानात एक पान ठेवलं. झाडाखाली पडलेलं, वाळलेलं, लांब टोकाचं. असं पान आणणं नियमात बसतं का, ते मला विचारू नका. मी आता सरकारी राहिलो नाही, माझा कोपरा कापलाय.

तुमच्याही कपाटात माझा एखादा भाऊबंद कुणीतरी नीट ठेवलेला असेल. आज जेवण झाल्यावर त्याला बाहेर काढा आणि तारीख वाचा. आणि तो ज्या माणसाचा आहे, त्याच्याच हातात द्या. डाग पडले तर पडू देत. माझी बाकीची पानं अजून कोरीच आहेत, पण अकराव्या पानावर त्या पानाचा पिवळट डाग उमटू लागलाय, आणि तो कुणी पुसायला आलं तर मी पुसू देणार नाही.