राजाच्या पत्राच्या दोनशे प्रती

आमच्या घरात राजाचं पत्र आहे, याचा जनीआजीला भारी तोरा. तिचा बाप महिपत दुसऱ्या महायुद्धात लढायला गेला तेव्हा ती पोटात होती. तो परत आलाच नाही. फोटो नाही, माती नाही. आलं ते इंग्लंडच्या राजाचं सांत्वनाचं पत्र, तेही इंग्रजीत. ते फ्रेम करून भिंतीवर टांगलंय. दर बुद्धपौर्णिमेला आम्ही त्याला हार घालतो. वाचलं मात्र कुणीच नाही. माझ्या बाबांनी कधीतरी आजीला सांगून टाकलं, "महिपत शूर होता, असं लिहिलंय." झालं!

यंदा आजीने हट्ट धरला, त्या पत्राच्या प्रती छापून पौर्णिमेला पाहुण्यांना आठवण म्हणून वाटायच्या. मी अलिबागला हर्षदच्या छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवते, म्हणजे काम माझ्याच गळ्यात.

पत्र स्कॅन करून डाग काढताना मी ते पहिल्यांदा नीट वाचलं. चार ओळी. तुमच्या माणसाने प्राण दिले, तुमच्या दुःखात आम्ही आहोत, वगैरे. महिपतचं नाव कुठेच नाही. सहीसुद्धा छापलेली. घरोघरी हेच गेलं असणार. आणि आम्ही शहाणे, एवढी वर्षं न वाचता हार घालतोय! मला आमचाच संताप आला.

हर्षद म्हणाला, "एवढं काय त्यात? त्याच अक्षरात नाव बसवतो. राजा थोडाच येतोय बघायला?"

"बसव," मी म्हटलं.

दुपारी आजी एसटीने दुकानात हजर. तिने नमुना हातात घेतला.

"रश्मे, मला काय वाचाया येत न्हाय. बापाचं नाव कुठं हाय, तिथं माझं बोट ठेव."

मी तिचं बोट धरलं, पण मला ते पुढे नेताच येईना. "आजी, नाव आम्ही घातलंय. खऱ्या पत्रात नाहीये."

"मंग लिवलंय कुनाला?"

"ज्यांची ज्यांची माणसं गेली त्या सगळ्यांना. एकच मजकूर, छापलेला."

आजी स्टुलावर बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, मग माझ्याही. शेजारच्या पत्रिकांच्या गठ्ठ्याकडे बघत ती म्हणाली, "लग्नाला बोलवायचं तरी पत्रिकेवर नाव घालत्यात गं."

"मावशी, आता घातलंय ना, राहू द्या," हर्षद म्हणाला.

"काढ ते! राजाला ठावं नव्हतं, ते त्याच्या तोंडात कशाला घालतोस?" आजीने पदराने नाक पुसलं. "पत्र आलं की उत्तर द्यावं लागतं. आमच्याकडनं तेच राह्यलं. खाली जागा हाय ना? लिव."

ती सांगत गेली, मी टाइप केलं. सुरुवातीला 'माननीय' घालू का, असं विचारलं तर माझ्यावरच डाफरली.

संध्याकाळी दोनशे कार्डं छापून झाली. वर राजाचं पत्र, जसंच्या तसं. खाली मोठ्या अक्षरांत:

'पत्र पोचलं. माणसाचं नाव महिपत. मी त्याची लेक जनी.'

"आता ठेव बोट," आजी म्हणाली. मी ठेवलं.