दे इकडे!

देवाशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी उरलेली एकुलती एक दाढ आत्ता पडो!

तर एक बाई होती. इस्पितळातल्या चौसष्ट नर्सांच्या ड्यूटीचा तक्ता घरबसल्या बनवायची. सकाळपाळी कुणाची, रात्रपाळी कुणाची, सुटी कुणाला, सगळं हिच्या हातात. बावीस वर्षं हेच काम, म्हणून सगळ्या तिला तक्तेबाईच म्हणत. कुणाचं पोर तान्हं आहे, कुणाची सासू अंथरुणाला खिळलीय, कुठल्या दोघींना एका वॉर्डात टाकलं की भांडी वाजतात, हे तिला तोंडपाठ. दर शुक्रवारी चारच्या आत तक्ता गेलाच पाहिजे. नाहीतर शनिवारी सकाळी पेशंटच्या उशाशी कोण उभं राहणार?

तक्तेबाईचा लॅपटॉप जुना, तिच्यासारखाच कामाचा. झाकणाचा सांधा तुटलेला, त्याला इस्पितळातलीच चिकटपट्टी गुंडाळलेली. पंखा सुरू झाला की शेजारीण विचारायची, "काय वाटताय एवढं?" पण बोटांना त्याची प्रत्येक कळ ठाऊक होती.

आणि नोटीस आली. एक तारखेपासून जुन्या सिस्टीमवरून काही पाठवता येणार नाही, नवी घ्या. मेट्रनबाई फोनवर गोड आवाजात म्हणाल्या, "त्रास होत असेल तर सांगा हो. बाहेरची कंपनी आहे, त्यांचं मशीन पाच मिनिटांत तक्ता काढतं."

तक्तेबाईने फोन ठेवला आणि तक्त्याकडे पाहिलं. मशीनला सासू कुठे असते?

नवरा, लेक आणि ती, तिघं दुकानात गेली. दुकानदाराने विचारलं, "ताई, सिस्टीम कुठली देऊ?" ताईंनी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "वेगवान द्या." लेक म्हणाली, "जुनीचीच पुढची आवृत्ती नको, ही दुसरी द्या. हिच्यात व्हायरसची कटकट कमी." तक्तेबाई हळूच म्हणाली, "जुन्यासारखी नाही का मिळणार?" दुकानदार हसला, लेक हसली, नवराही हसला. मग तीही हसली. काय करणार?

नवा लॅपटॉप घेऊन घरी आल्यावर लेक शिकवायला बसली. गुणी पोर, आईवर जीव टाकणारी. पण बोटं अशी, की डोळ्यांची पापणी लवायच्या आत चार खिडक्या उघडून तीन बंद!

"कळलं?"

"कळलं."

"मग बंद कर बघू ही खिडकी."

तक्तेबाई उजव्या कोपऱ्यात फुली शोधायला गेली. या सिस्टीमने फुली नेऊन ठेवली होती डाव्या कोपऱ्यात.

"अगं तिथे नाही आई! वर. डावीकडे. अगं... दे इकडे!"

नवऱ्याला बातम्या उघडण्यापलीकडे काही येत नव्हतं, पण तोही चहाचा कप घेऊन मागे उभा. "तिला नाही जमायचं. दे इकडे!" आठ दिवसांत तक्तेबाई नव्या लॅपटॉपवर एकच गोष्ट शिकली, ती म्हणजे "कळलं" म्हणायला. प्रत्येक "कळलं"बरोबर ती आणखी आत अडकत गेली. आता विचारायचं तरी कुठल्या तोंडाने? आठ दिवस कळलंच होतं ना!

मग तिने एक शक्कल लढवली. नवा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा ठेवायचा, म्हणजे बाई कामाला बसल्यात असं वाटावं, आणि आपण अडगळीच्या खोलीत सुटकेसवर जुना लॅपटॉप ठेवून खरं काम करायचं. दोन शुक्रवार असे निभावले. तिसरा शुक्रवार म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस. आजचा तक्ता जुन्यावरून गेला की संपलं. राजीनाम्याची चिठ्ठी तिने लिहून पर्समध्ये घालून ठेवली होती.

त्या सकाळी लेक ऑफिसला गेली. नवऱ्याला एक खोड, घरात उघडं दिसलं की बंद करायचं. डब्याचं झाकण, नळ, खिडकी, दार. अडगळीचं दार किलकिलं दिसलं, त्याने बाहेरून कडी सरकवली आणि शीळ वाजवत कामावर गेला.

तक्तेबाईला कळलं ते तासाभराने. दार ढकललं, हलेना. "अहो!" घरात कोणी असेल तर ओ देईल ना! ती वळली, तेवढ्यात जुन्या लॅपटॉपने एक उचकी दिली. पंखा थांबला. पडदा काळा. चिकटपट्टी लावली, फुंकर घातली, विनवलं, रागावली. गेला तो गेलाच!

खोलीला खिडकी नाही. चार भिंती, तुटका टेबलफॅन, जुने बूट आणि ही. बाहेर टेबलावर तिचा फोन वाजत होता. थांबला, पुन्हा वाजला. मेट्रनबाईच असणार. तिने दारावर मुठी आपटल्या आणि मग सुटकेसवर बसून रडली. आणि रडता रडता तिच्या लक्षात आलं, कडी आज लागली खरी, पण आपण या खोलीत आलो ते आपल्याच पायांनी!

दुपारी एकला कुलूप वाजलं. नणंद! ही बाई मोटार चालवायला शिकवायची. आवाज हॉर्नसारखा. शुक्रवारी दोन शिकवण्यांच्या मधे भावाकडे जेवायला यायची, किल्ली तिच्याजवळ असायची. तिने कडी काढली.

"वहिनी! उंदीर पकडायला बसलीस की काय?"

"तक्ता करत होते, वन्सं."

"इथे? बुटांचा?"

मग सगळं बाहेर पडलं. कळलं, दे इकडे, मशीन, चिठ्ठी. नणंदेने ऐकून घेतलं, तिला पाणी दिलं आणि नव्या लॅपटॉपसमोर बसवलं. शेजारी स्वतः बसली, चक्क स्वतःच्या दोन्ही हातांवर!

"तुम्हाला येतं यातलं?" तक्तेबाईने विचारलं.

"ओ की ठो कळत नाही. म्हणून तर मी चांगली मास्तरीण. चल, गाडी काढ."

इस्पितळाचं पान उघडायला अर्धा तास गेला. मधेच सगळं गडप झालं. "गेलं!" तक्तेबाई किंचाळली.

"गाडी बंद पडली की रस्त्यात सोडून पळतो का आपण? बघ, कुठे असेल."

ते खालच्या पट्टीत दडून बसलं होतं. तक्तेबाईने पर्समधून राजीनाम्याची चिठ्ठी काढली आणि पाठीवर लिहिलं, 'गडप झालं तर खाली बघणे.' मग दुसरी ओळ, मग तिसरी. साडेतीनपर्यंत चिठ्ठीची पाठ भरली आणि तक्ताही. चौसष्टच्या चौसष्ट जणी आपापल्या जागी!

तेवढ्यात नवरा आणि लेक धापा टाकत आत. फोन उचलत नाही म्हणून मेट्रनबाईंनी नवऱ्याला गाठलं, त्याने लेकीला. तक्तेबाईला फक्त पाठवायचं बटण सापडत नव्हतं. लेकीला लांबूनच दिसलं. हात पुढे आला.

"आई, दोन सेकंदांचं काम आहे. दे इकडे!"

"हात मागे!" नणंद कडाडली. "फाटकाशेजारची कचरापेटी आठवते? गाडी शिकताना किती वेळा उडवलीस?"

"चार... पण आत्या, चार वाजत आलेत!"

"चार वेळा! एकदा तरी मी तुझ्या हातातलं स्टिअरिंग ओढलं? शिकवणाऱ्याचा पाय ब्रेकवर आणि हात मांडीवर. ओढलं असतं तर आज तू गाडीत मागे बसली असतीस, जन्मभर. तसंच बसवलंयत तुम्ही हिला! आणि दादा, तू कड्या लावत फिरतोस, एकदा आत कोण आहे ते तरी बघ."

नवऱ्याने अडगळीच्या दाराकडे पाहिलं. सुटकेस, बूट, चिकटपट्टीचा लॅपटॉप. लेकीने हात मागे घेतला. पाठीशी बांधून उभी राहिली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "शोध आई. मी थांबते."

आणि तक्तेबाई पहिल्यांदाच म्हणाली, "मला नाही कळलेलं गं. पहिल्यापासून सांग. पण हात न लावता."

सापडलं! चार वाजायला दोन मिनिटं असताना तक्ता गेला. मेट्रनबाईंचा फोन आला. "तक्ता चोख आहे. कंपनीला नाही म्हणून कळवते. पण सगळी अक्षरं गुलाबी का हो?"

"राहू देत आज. काळी कशी करायची ते सोमवारी शोधीन."

लेकीला माहीत होतं. जीभ चावून गप्प राहिली बिचारी. नवरा स्क्रू ड्रायव्हर घेऊन कडी काढायला बसला.

तर मंडळी, आपल्या घराघरांत अशी एक अडगळीची खोली असते. आपण प्रेमाने "दे इकडे" म्हणतो आणि बाहेरून कडी लावतो. समोरचा लाजून "कळलं" म्हणतो आणि आतून. नवी सिस्टीम घ्या, जरूर घ्या. पण ज्याने वापरायची त्याला दुकानात आधी विचारा, आणि शिकवताना हात मांडीवर ठेवा. ज्याला कळलं नाही त्याने न लाजता सांगावं, नाही कळलं!

आता दाढ हलायला लागलीय, म्हणून एक कबूल करते. तक्ता चारच्या आत गेला हे मी रचलं. चार वाजून अकरा मिनिटं झाली होती. पण लेकीने बटणाला हात लावला नाही. मेट्रनबाई थांबल्या आणि शनिवारी सकाळी प्रत्येक वॉर्डात नर्स हजर होती. थांबलं म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही, बाई!