रिकाम्या पोटाची साक्ष

भिंतीतली छोटी खिडकी सरकली आणि तीन पांढऱ्या बश्या एकामागून एक तिच्यासमोर आल्या. तिने पांढरा दिवा बंद करून डोक्यावरचा लाल दिवा लावला. लाल उजेडात सगळी बिस्किटं एकाच रंगाची दिसतात. डोळ्यांनी जिभेकडे चुगली करू नये म्हणून कारखान्याने केलेली ही सोय. पहिल्या बशीतलं बिस्किट मोडून तिने नाकाशी धरलं. लोणी, साखर, भाजलेलं पीठ. तोंडाला असं पाणी सुटलं की आधी ते गिळावं लागलं.

लाकडी फळीपलीकडच्या कप्प्यात दुसरे चाखणारे, काका, बसले होते. ते दिसत नव्हते, पण चूळ भरून थुंकल्याचा आवाज ऐकू आला. म्हणजे त्यांची पहिली बशी झाली होती.

"घाई नाही हं," खिडकीमागून प्रयोगशाळेतली मुलगी म्हणाली. पण घाई होती. मालाच्या फाटकाशी ट्रक उभे होते आणि साहेब चवीच्या खोलीबाहेर येरझाऱ्या घालत होते. त्यांच्या बुटांचा आवाज दाराशी यायचा, थांबायचा आणि परत जायचा.

भांडण सकाळचं होतं. काल भाजलेला माल तिने चाखला आणि पास केला. तासाभराने काकांनी तोच माल तोंडात घातला आणि चेहरा वाकडा केला. तेल खवट आहे, म्हणाले. तिने पुन्हा चाखलं. छानच लागलं. खरं तर नेहमीपेक्षा छान लागलं. काका हटेनात, ती हटेना. दोन चाखणाऱ्यांचं पटलं नाही की दोघांनीही तिकडीला बसायचं, असा इथला नियम. तीन बश्यांपैकी दोनमध्ये चांगला माल, एकीत मुद्दाम ठेवलेल्या जुन्या तेलाचा. जुन्या तेलाची बशी ओळखायची. ज्याची जीभ चुकेल त्याचा शब्द मागे पडेल.

ती आजवर एकदाही चुकली नव्हती. कारखान्यात तिला पाठीमागे 'नापासबाई' म्हणत, कारण तिच्या हातून माल सुटणं म्हणजे दिव्य होतं. भट्टीवाले तिच्या नावाने बोटं मोडायचे आणि घरी मुलांना मात्र तिने पास केलेलीच बिस्किटं न्यायचे. हे नाव तिला मनातून आवडायचं.

तिने पहिलं बिस्किट चावलं. मग दुसऱ्या बशीतलं. मग तिसऱ्या. खवटपणा जिभेवर लगेच येत नाही, तो मागून येतो, घशाच्या तोंडाशी. त्याची वाट बघत ती डोळे मिटून बसली. तो आला नाही. तिन्ही बिस्किटं चांगली होती. तिन्ही इतकी चांगली होती की तिला रडू येईल की काय असं वाटलं, आणि असं का वाटावं हे काही तिला कळेना.

पोटात सकाळपासून कावळे ओरडत होते. त्याची तिला आता सवय झाली होती.

गेल्या वर्षी पळताना तिच्या नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर गेली. पाय प्लास्टरमध्ये, कुबड्या, घरात सोफ्यावर लोळणं. पळणाऱ्या बाईला सोफ्यावर बसवलं की काय होतं ते झालं. प्लास्टर निघालं तेव्हा तिच्या जुन्या पँटची बटणं लागेनात. त्या दिवशी आरशासमोर तिने स्वतःशी हिशेब मांडला: अंगावर जितका भार कमी, तितका हाडावर भार कमी. हिशेब इतका सोपा होता की त्यावर कुणाचा सल्ला घ्यावा असं तिला वाटलंच नाही.

फिजिओबाईंनी पहिल्याच दिवशी तीन गोष्टी बजावल्या होत्या. पोटभर खायचं. दुखलं की लगेच सांगायचं. आणि हे हाड पुन्हा चिरलं तर पळणं विसरायचं. तिसरी गोष्ट तिने काळजावर कोरून घेतली. त्या नादात पहिल्या दोन कधी निसटल्या ते तिचं तिलाच कळलं नाही.

आता थोडं पळायचं, थोडं चालायचं, असं सुरू होतं. रविवारी तिच्या जुन्या गटाबरोबर तळ्याभोवतीचा अख्खा फेरा होता, न थांबता. जायचं की नाही हे आज संध्याकाळी फिजिओबाई ठरवणार होत्या. गेला आठवडाभर तिचा जीव त्या निकालालाच टांगलेला होता. पळणं गेलं तर आपल्यात उरेल काय, हा प्रश्न ती मनात पुरता उमटूही देत नव्हती.

"झालं का?" खिडकीतून मुलीने विचारलं.

"मधली," ती म्हणाली. तो अंदाज होता. आयुष्यात पहिल्यांदा तिने या खोलीत अंदाजाने उत्तर दिलं होतं.

पलीकडून काकांचा आवाज आला.

"डावीकडची. तोंडात धरवत नाही."

खिडकीमागे कागद दोनदा उलटसुलट झाल्याचा आवाज आला. एवढ्यावरून तिला काय ते समजलं. मग खिडकीतून आलेला आवाज अवघडलेला होता.

"डावीकडचीच होती, मॅडम."

दार उघडून साहेब आत आले, दोघांच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"म्हणजे माल थांबवायचा?"

"थांबवा," ती म्हणाली. आवाज नीट निघाला, हीच मेहेरबानी.

"तुमची जीभ चुकली?" साहेबांना राग यायला हवा होता, पण ते नुसतेच चक्रावले होते. "काका चुकले असते तर मी समजू शकलो असतो."

"ऐकतोय मी," काका फळीपलीकडून म्हणाले.

साहेब ट्रकवाल्यांना परत पाठवायला गेले. मुलीने बश्या गोळा करून मधल्या टेबलावर ठेवल्या आणि ती नोंद करायला आत गेली. काका आपल्या कप्प्यातून बाहेर आले. निवृत्तीला टेकलेले, अंगाने सुटलेले काका. याच खोलीत त्यांनी तिला चाखायला शिकवलं होतं. जिंकल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर शोधूनही सापडला नसता. ते टेबलावरच्या बश्यांकडे बघत होते.

काकांच्या तीन बश्यांत बिस्किटांचे तुकडे जसेच्या तसे पडले होते. चाखणारा माणूस कोपरा चावतो, चघळतो आणि थुंकतो. तिच्या तीन बश्या मात्र धुतल्यासारख्या होत्या. चुरासुद्धा नव्हता. बोट ओलं करून चुरा टिपला असणार, आणि ते बोट तिचंच होतं.

"अगं," काका हळूच म्हणाले, "सगळी खाल्लीस?"

तिने थुंकण्याच्या पेल्यात बघितलं. पेला कोरडा होता. तिला काहीच आठवेना. पहिलं बिस्किट मोडलं, नाकाशी धरलं, चावलं, इथवर आठवत होतं. पुढे डोळे मिटून आपण खवटपणाची वाट बघत होतो आणि तेवढ्यात हात परस्पर बशीकडे जात होता, तोंड परस्पर गिळत होतं. खवट बिस्किटसुद्धा तिने चाटूनपुसून संपवलं होतं.

"सकाळी काय खाल्लंस?"

"खाल्लं ना."

"काय?"

नव्या मुलींना या खोलीत आणलं की पहिला धडा तीच द्यायची: अर्ध्या पोटी यायचं. पोट तुडुंब असलं की काहीच आवडत नाही आणि रिकामं असलं की काहीच नावडत नाही. किती जणींना तिने हे ठणकावून सांगितलं होतं.

"सुट्टी टाक आठवडाभर," काका म्हणाले. "जीभ कुठे पळून जात नाही. पण अगं, तू दिसतेस कशी ते बघ जरा. मी बोलणार नव्हतो."

"बोलू नका मग."

काकांनी बश्या उचलल्या आणि मोरीकडे नेल्या. ती स्टुलावर बसून राहिली. शरमेने कान तापले होते, पण शरमेच्या खाली दुसरंच काहीतरी होतं आणि ते जास्त थंड होतं. आपली जीभ खोटं बोलली, आणि आपण तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला. सकाळी ट्रक निघाले असते तर तो माल गावभर गेला असता, आणि आपण छातीठोकपणे सांगितलं असतं, उत्तम आहे.

तिचा हात नकळत उजव्या नडगीवर गेला. गेले कितीतरी दिवस पाय तिला सांगत होता की ठीक आहे.

संध्याकाळी फिजिओबाईंच्या दवाखान्यात नवरा आधीच येऊन बसला होता. तो शाळेत शिकवून थेट इथे आला होता. दारात ती दिसताच त्याने हातातलं मासिक मिटलं.

"रविवारी मी येतो तळ्यावर," तो म्हणाला. "पाण्याची बाटली घेऊन उभा राहतो, शेवटच्या वळणाला."

"आधी बघू तरी दे त्यांना."

"बघतील आणि पास करतील." तो खुशीत होता. फिजिओबाईंनी लिहून दिलेल्या आहाराप्रमाणे पहाटे उठून तिचा डबा करायची जबाबदारी त्याने आपणहून घेतली होती. ज्या माणसाला चहा धड करता येत नव्हता, तो आता कडधान्यं आदल्या दिवशी आठवणीने भिजवायचा, अंडी घड्याळ लावून उकडायचा. डबा रोज रिकामा परत यायचा. कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी अलीकडे चांगला बाळसं धरू लागला होता, पण ते नवऱ्याला कुठून कळणार?

आतून हाक आली. ती एकटीच गेली.

फिजिओबाईंनी तिला पलंगावर बसवलं, पँट गुडघ्यापर्यंत वर करायला सांगितली आणि अंगठ्याने नडगीच्या कडेने वरून खाली दाबत आल्या. मध्यावर थांबल्या. जरा जोराने दाबलं.

"दुखतंय?"

नाही, हा शब्द जिभेवर तयार होता. गेल्या खेपेला, त्याच्या आदल्या खेपेला, दर खेपेला तो असाच तयार असायचा. आणि ती खोटं बोलत होती असंही नाही. तिला खरोखर दुखत नव्हतं. निदान तिला तसंच वाटत होतं.

"मला कळत नाही," ती म्हणाली.

अंगठा तिथेच थांबला.

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या सांगण्यावर जाऊ नका. तुम्हाला काय दिसतंय ते सांगा."

फिजिओबाईंनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं. मग पुन्हा त्याच जागी दाबलं, पण या वेळी त्यांची नजर तिच्या पावलाकडे होती. पावलाची बोटं आखडून आत वळली. तीही बघत होती. ती बोटं तिचीच होती, आणि त्यांनी तिला काही विचारलं नव्हतं.

"गेल्या वेळीही असंच झालं होतं," फिजिओबाई म्हणाल्या. "मी विचारलं, तर तुम्ही हसून नाही म्हणालात. मला वाटलं, गुदगुल्या होत असतील. चूक माझीही आहे." त्यांनी स्टूल ओढून घेतलं. "उद्या एक्स-रे काढू. रविवार आता विसरा."

"बरं."

"बरं? मला वाटलं होतं, भांडाल."

"एक विचारू? माझं हाड पहिल्यांदा चिरलं, तेव्हा ते कशाने चिरलं असेल?"

"पळणं वाढवलं होतं का एकदम?"

"नाही. पण तेव्हाही मी अशीच अर्धपोटी राहत होते. आयुष्यात सगळ्यात हलकी होते मी तेव्हा. वजन वाढलं ते नंतर, सोफ्यावर." बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. "म्हणजे मी हिशेब उलटा मांडला, नाही का?"

फिजिओबाईंनी तिची पँट खाली ओढून नीट केली, आई मुलीची करते तशी.

"आज काय खाल्लंत?"

"तीन बिस्किटं. त्यातलं एक खवट होतं." ती म्हणाली. "मला सगळ्यात जास्त तेच आवडलं असणार."

"बाहेर बसलेत त्यांना हे माहीत आहे?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"त्यांना आत बोलवायचं का?"

ट्रक थांबवा म्हणायला तिला क्षणही लागला नव्हता. इथे बराच वेळ गेला. बाहेर तो मासिकाची पानं उलटत असल्याचा आवाज येत होता, न वाचता उलटतात तसा.

"बोलवा," ती म्हणाली.

तो आला तोच हसत.

"काय म्हणतोय पाय? पास?"

"बस," ती म्हणाली. "मी तुझ्याशी खोटं बोलतेय, खूप दिवस. तू केलेलं मी एक दिवसही खाल्लं नाही. सगळं फाटकावरच्या पहारेकऱ्याला दिलं. रोज."

त्याने आधी फिजिओबाईंकडे बघितलं, जणू त्या सांगतील की ही थट्टा आहे. मग तो पलंगाच्या कडेला तिच्यापासून जरा अंतर ठेवून बसला. हातातल्या मासिकाची त्याने नळी केली, मग ती उलगडून मांडीवर सपाट केली.

"मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटलो होतो," तो म्हणाला, "की माझ्या हातच्या जेवणाने हिचं हाड जोडलं."