भिंतीवर जायचा फोटो

किनुएचा नवरा इसाओ जाऊन बरीच वर्षं झाली, पण भिंतीवर तो अजून झिंगलेलाच होता.

माणूस गेला पहाटे, आणि अंत्यविधीवाल्यांना दुपारपर्यंत फोटो हवा होता. किनुए डोकं धरून बसलेली. तेव्हा तिची नणंद हारुए पुढे झाली आणि भावाचा तिच्या मते सगळ्यात आनंदी फोटो तिने देऊन टाकला. सहलीतला. गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडालेला इसाओ, डोक्यावर घडी केलेला टॉवेल, साकेने लालबुंद झालेले गाल आणि बाहेर आलेली बत्तिशी. अंत्यविधीवाल्यांनी रिवाजाप्रमाणे मुंडकं तेवढं कापलं आणि कुळाची चिन्हं असलेल्या काळ्या किमोनोवर बसवलं. टॉवेल पुसता पुसता थोडं डोकंही पुसलं गेलं. तेव्हापासून इसाओ देव्हाऱ्याच्या वर, चपट्या डोक्याने, आल्यागेल्याकडे बघून हसत होता. शेजारी सासूबाई. त्या जिवंतपणी कधी हसल्या नव्हत्या आणि फोटोतही त्यांनी आपला नेम मोडला नव्हता.

त्यांच्या पलीकडे एक जागा मोकळी होती. तिथे खिळासुद्धा ठोकलेला होता.

यंदा उन्हाळ्यात पितरांना ओवाळून झाल्यावर हारुएने त्या खिळ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “तू काही काळजी करू नकोस, वहिनी. तुझा फोटो मी जपून ठेवलाय.”

तिने पर्समधून तो काढूनही दाखवला. जत्रेतला होता. किनुएच्या तोंडात अख्ख्या ओयाकीचा, म्हणजे सारण भरलेल्या जाड भाकरीचा, तोबरा, हनुवटीवर आतली वांग्याची भाजी, एक डोळा मिटलेला.

“किती जिवंत वाटतेस बघ,” हारुए म्हणाली.

किनुए त्या रात्री झोपली नाही. हारुए तिच्याहून लहान, रोज सकाळी तळ्याला अर्धी फेरी मारणारी, रक्तदाब तरण्या मुलीसारखा. ती मागे राहणार हे उघड होतं. मुलगा ओसाकाला, आत्या देईल तो फोटो तो मुकाट्याने लावणार. म्हणजे आपण काही केलं नाही, तर नातवंडं पणतवंडं वर्षानुवर्षं त्या वांग्यापुढे उदबत्ती लावणार.

गावातला फोटो स्टुडिओ केव्हाच बंद पडला होता; आता तिथे कुत्र्यांचे केस कापतात. उरलं होतं अंत्यविधी कंपनीचं फुकट फोटोशिबिर. किनुए तिथे गेली. हारुएही गेली, कारण तिथे शवपेटीत झोपून बघायची सोय होती. ती पेटीत शिरली आणि घोरायला लागली, तिला उठवायला दोघांना यावं लागलं. इकडे फोटोसाठी रांग होती, आणि खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येक बाईच्या गळ्यात तोच एक जांभळा स्कार्फ घालत होते. एकीचा काढायचा, दुसरीला घालायचा. किनुएने रांग सोडली. गावातल्या निम्म्या बायका एकाच स्कार्फात भिंतीवर चढणार, आणि स्वर्गात भेटल्यावर तो कुणाचा यावरून भांडणार. तिने ठरवलं, आपला कॅमेरा आपण घ्यायचा. छोटा, खिशात मावणारा, पण काच चांगली असलेला.

काचेतलं तिला कळत होतं. लग्नाआधी ती तळ्याकाठच्या कॅमेऱ्याच्या कारखान्यात भिंगं तपासायची. पांढऱ्या टोप्या घालून मुली रांगेने बसायच्या, भिंग दिव्यासमोर तिरकं धरायच्या, ओरखडा दिसला की बाजूला. चेहऱ्याला पावडर लावून यायची सक्त मनाई होती. तिचा कण भिंगावर बसतो. दारातच एक बाई उभी असायची, गालावरून बोट फिरवून बघायची आणि नटून आलेलीला नळावर पाठवायची. वयात आलेल्या शेकडो मुली आणि सगळ्यांचे चेहरे धुतल्या ताटलीसारखे. इसाओ तिथेच पेट्या उचलायला होता. किनुएवर त्याचं मन बसलं ते त्या बिनपावडरच्या तोंडावर, असं तो सांगायचा. हारुए म्हणायची, बिचाऱ्याला दुसरं काही बघायला मिळालंच नव्हतं.

तर त्या दोघी स्टेशनजवळच्या जुन्या-नव्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेल्या. दुकानदार नागामिने हा पन्नाशीचा, बोलका माणूस. तो किती कोटी ठिपके, किती पट जवळ, किती वेगवान असं सांगत सुटला. किनुएने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मला पळता घोडा टिपायचा नाही, एका जागी बसलेली म्हातारी टिपायची आहे. मग तिने हारुएला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं आणि एकेका कॅमेऱ्याने तिचा फोटो काढायला सुरुवात केली.

पहिल्या कॅमेऱ्यात हारुएचं नाक बटाट्याएवढं आलं. नागामिने म्हणाला, इतक्या जवळून काढलं की असंच होणार, दोन पावलं मागे जाऊन भिंग पुढे घ्या. किनुएने तसं केलं. नाक जागेवर आलं, पण चेहरा अंधारात गेला. दुसरा कॅमेरा त्वचा उजळणारा होता. त्याने हारुएच्या सगळ्या सुरकुत्या गिळल्या आणि तिचं उकडलेलं अंडं केलं. हारुए खूश झाली. अंड्याला डोळे काढलेत, किनुए म्हणाली, आणि तो बाजूला ठेवला. बऱ्याच वेळाने तिच्या हातात एक काळा, ओबडधोबड दिसणारा, तळहाताएवढा कॅमेरा आला. तिने जुन्या सवयीने भिंग उजेडात तिरकं धरलं. काच पाण्यासारखी होती. खिडकीच्या मंद उजेडातसुद्धा हारुएचा एकेक केस वेगळा आला.

हारुएने पडद्यात डोकावून पाहिलं. “हा वाईट आहे, वहिनी. यात मी थेट आईसारखी दिसतेय.”

“म्हणजे चांगला आहे,” किनुए म्हणाली. “बांधा हो.”

नागामिने त्यातल्या इतर करामती समजावून सांगायला लागला, पण किनुएने हात हलवला. भिंग उत्तम, वजन बेताचं, बाकी सगळा नखरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने राखाडी रेशमी किमोनो नेसला. हारुए पावडरचा डबा घेऊन आली होती. किनुएने तो उंबऱ्याबाहेर ठेवायला लावला. कॅमेऱ्याजवळ पावडर नको म्हणजे नको. घरात सगळ्यात चांगला उजेड देव्हाऱ्याच्या खोलीत. तिने समोरच्या कपाटावर कॅमेरा उभा टेकवला, काही सेकंदांनी आपोआप फोटो निघावा म्हणून दोन-तीन बटणं दाबली, आणि देव्हाऱ्यापुढच्या गादीवर जाऊन बसली. पाठ ताठ, ओठ मिटलेले, नजर थोर. मेल्यावर लोकांनी आदबीने वाकावं असा चेहरा.

कॅमेरा खट्ट वाजला. दोघी बघायला धावल्या. किनुए धूसर आली होती, आणि तिच्या डोक्यावर इसाओ स्वच्छ, दात मोजून घ्यावेत इतका.

किनुए पुन्हा बसली. पुन्हा इसाओ. तिने जागा बदलली, चेहरा आणखी थोर केला. पुन्हा इसाओ. शेवटी तर ती अजून बसलीही नव्हती, कॅमेऱ्याला कुणी हात लावला नव्हता, तरी तो आपणहून खट्ट खट्ट वाजत राहिला.

हारुए पांढरी पडली. तिने देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. “दादा, काय हवंय तुला? साके ठेवू का?”

“अजिबात ठेवू नकोस,” किनुए म्हणाली. “आहे ती उतरली नाही अजून.”

मग तिने चष्मा लावून कॅमेऱ्याच्या पडद्याकडे नीट पाहिलं. कोपऱ्यात हसऱ्या तोंडाचं एक चित्र होतं, आणि एक पिवळी चौकट इसाओच्या चेहऱ्याभोवती घट्ट बसली होती. नागामिने सांगत होता ती करामत हीच असणार: कुणी हसलं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. तिने दाबलेलं बटण हेच होतं. बिचारं यंत्र आपलं काम चोख करत होतं. त्या खोलीत हसणारा माणूस एकच होता आणि तो मेलेला होता.

हे कळल्यावर हारुए तातामीच्या चटईवर बसली ती आडवीच झाली. तिला हसू आवरेना. किनुए तिला गप्प बस म्हणून सांगायला गादीवर परत टेकली, आणि वर बघून नवऱ्याला म्हणाली, “आयुष्यात एकदा तरी मला पुढे बसू द्यायचं होतंत.”

मग तीही फुटली. पुढचा पडलेला दात, मिटलेले डोळे, सगळं उघड्यावर. कॅमेरा खट्ट वाजला.

तो फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला. राखाडी किमोनो, धुतल्या ताटलीसारखा चेहरा, तोंड ओयाकीच्या फोटोएवढंच उघडं. फक्त आत ओयाकी नव्हती. वर इसाओ, आणि कडेला सासूबाईंचा अर्धा चेहरा, नाराज.

“हाच,” किनुए म्हणाली. “जत्रेतला आण इकडे.”

हारुएने पर्समधून तो काढून दिला. किनुएने त्याचे तुकडे केले आणि किमोनोच्या बाहीत टाकले.

“यातलं काही कापायला सांगायचं का त्यांना? दादाला?”

“त्यांना राहू दे. तुझी आई काप.”

“तिला कोण कापणार,” हारुए म्हणाली. “ती अशीच मध्ये यायची.” मग ती उठली, केस सारखे केले आणि गादीवर जाऊन बसली. “आता माझा काढ. आईसारखी दिसता कामा नये.”

किनुएने तिला हसायला सांगितलं. हारुएने ओठ ताणले, गाल फुगवले, मान तिरकी केली, आणि जितका प्रयत्न करावा तितकी ती सासूबाईंवर जात राहिली. कॅमेऱ्याने थोडी वाट पाहिली. मग त्याने पुन्हा इसाओचा फोटो काढला.