भाऊसोंनी दिलेला शब्द

"नाव घाला की. नावाला कोण न्हाई म्हणतंय? पण पोरगं काय वर्गात येणार न्हाई, आधीच सांगतो," सयाजी म्हणाले आणि त्यांनी मुलाची मार्कलिस्ट भाऊसोंच्या हातात ठेवली.

सकाळपासूनचं हे सातवं घर. भाऊसो वडूजच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर. जून आला की संस्था प्राध्यापकांपासून शिपायांपर्यंत सगळ्यांना गावं वाटून द्यायची आणि विद्यार्थी आणायला पाठवायची. भाऊसोंना आठवत होतं, एके काळी पोरांचे बाप ओळखी काढत कॉलेजच्या फाटकाशी यायचे. आता कॉलेजच बापांच्या दारात ओळखी काढत हिंडत होतं. बरोबर विभागप्रमुख प्रमोदिनी मॅडम होत्या. मूळच्या वाईच्या. दारोदार जाताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की बोलायचं काम आपोआप भाऊसोंकडेच यायचं.

"शिवतेज सध्या काय करतो?" मॅडमनी विचारलं.

"अकॅडमीत हाय, भरतीच्या. पहाटं पळतोय, सांजच्याला पळतोय. कॉलेजात नाव असलं की एसटीचा पास निघतो, आणि भरती न्हाई झाली तर डिग्री हाताशी. म्हणून घाला."

सयाजी स्वतः फौजेतून हवालदार होऊन आलेले. त्यांचं बोलणं सरळ होतं, आणि खोटं तर मुळीच नव्हतं. सात घरांत पाच जणांनी हेच सांगितलं होतं. नावं मिळत होती, पोरं मिळत नव्हती.

तेवढ्यात आतून शिवतेजची धाकटी बहीण बाहेर आली. समीक्षा. यंदाच बारावी सायन्स झालेली. "मॅडम, वनस्पतीशास्त्र घेऊन डिग्री करता येती का तुमच्यात?"

मॅडम खुर्चीत सावरून बसल्या. वर्षभरात आपणहून हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"तिचं काय खरं नसतंय," सयाजी म्हणाले. "आवं, तुमचं सायन्स बंद पडणार म्हणत्यात. मी पोरीला वडूजच्या पल्याड पाठवणार न्हाई. मधीच बंद पडलं तर तिनं काय करायचं?"

भाऊसोंनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम अंगणातल्या शेवग्याकडे बघत होत्या. तिथेच भाऊसोंनी गप्प बसायला हवं होतं. पण सव्वीस वर्षांची नोकरी आणि सकाळपासूनची सात घरं मिळून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हवालदार, तीन वर्सं कुटं जात न्हाई सायन्स. माझा शब्द हाय."

"मग घाला," सयाजी म्हणाले. शब्द दिला म्हटल्यावर त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही.

वाटेत मॅडम म्हणाल्या, "भाऊसो, हे आपल्या हातात आहे का?"

"न्हाई," भाऊसो म्हणाले. "पण कुणीतरी म्हणाय नगो?"

पहिल्या वर्षाच्या हजेरीपटावर एकोणीस नावं लागली. वर्गात आली एक. समीक्षा रोज सकाळी एसटीने यायची, पुढच्या बाकावर बसायची, आणि प्रमोदिनी मॅडम तिच्यासमोर उभ्या राहून भरल्या वर्गाला सांगावं तसं मोठ्याने शिकवायच्या. "सगळ्यांनी लक्ष द्या," असंसुद्धा म्हणायच्या. सवय जाता जात नाही. भाऊसोंना पहिल्यांदा हसू आलं. मग चौथ्या-पाचव्या दिवशी ते आपले गुपचूप आत शिरले आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. निदान मॅडमना मान इकडून तिकडे वळवायला तरी जागा झाली.

प्रॅक्टिकलला मात्र समीक्षाची मजा होती. दहा सूक्ष्मदर्शक आणि बघणारी ती एकटी. खोडाचा काप इतका पातळ घ्यायची की मॅडम भाऊसोंना बोलावून दाखवायच्या. "मामा, ह्ये बघा, ह्ये बघा," म्हणत ती बाजूला सरकायची आणि भाऊसो सव्वीस वर्षांत हजारदा पाहिलेलं पुन्हा पाहायचे. पोरगी शिकत होती. असं काही डोळ्यांदेखत घडताना पाहून फार दिवस झाले होते, आणि भाऊसोंना त्याचा आनंद झाला होता, अगदी उघड आनंद.

ऑगस्टमध्ये पत्र आलं. तपासणी समिती येणार, विद्यार्थी प्रत्यक्ष मोजणार. निदान पंधरा तरी वर्गात दिसले नाहीत तर विज्ञान शाखा बंद.

भाऊसोंनी बाकीच्या अठराही जणांना फोन लावले. कुणी पुण्यात कंपनीत लागलं होतं, कुणी म्हणालं बघतो. शेवटी ते भरती अकॅडमीच्या मैदानावर गेले आणि तिथल्या सरांच्या हातापाया पडून आपल्या हजेरीपटावरची तेरा पोरं तासाभरासाठी मागून घेतली. कुणाच्या पाया पडायचा भाऊसोंचा स्वभाव नव्हता. टेम्पोत त्यांनी पोरांकडून पाठ करून घेतलं. विषय विचारला तर काय सांगायचं? वनस्पतीशास्त्र. पुन्हा? वनस्पतीशास्त्र!

फक्त कपड्यांचं सांगायचं राहिलं. वर्गात तेरा पोरं बसली, सगळ्यांच्या अंगात अकॅडमीचं नाव छापलेला पिवळा टी-शर्ट, खाली हाफपँट, डोक्याला बारीक कट. मध्ये समीक्षा. हजेरीपटावरचीच, पण वाण्याच्या दुकानात कामाला लागलेली एक मुलगी आयत्या वेळी येऊन बसली, म्हणून आकडा पंधरा भरला. भाऊसोंनी दारामागे उभं राहून तीनदा मोजला.

समितीचे अध्यक्ष पांढऱ्या केसांचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी नेमका शिवतेजकडे हात केला. "बाळ, तुझा मुख्य विषय कोणता?"

शिवतेज ताडकन उठला, छाती पुढे, हात मांड्यांना चिकटलेले. "जी.डी., सर!"

जी.डी. म्हणजे लष्करातली जनरल ड्यूटी. दोन महिने रोज मैदानात 'कशात भरती व्हायचंय?' हा प्रश्न आणि हेच उत्तर. टेम्पोतली दहा मिनिटं त्यापुढे किती टिकणार? समितीतले दोघे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. भाऊसोंना वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी समीक्षाला उठवलं. पानं पाणी कसं सोडतात, एवढंच विचारलं. ती सांगत गेली, फळ्यापाशी जाऊन आकृती काढली, आणि खाली नावं लिहिली. अध्यक्ष फाईल मिटून ऐकत राहिले. बाहेर पडताना मॅडमना म्हणाले, "मुलगी फार चांगली आहे हो. पण एका मुलीसाठी शाखा कशी चालवणार?"

भाऊसो पोरांना मैदानावर सोडायला टेम्पोकडे घेऊन निघाले.

पंधरा दिवसांत आदेश आला. विज्ञान शाखा बंद. प्रमोदिनी मॅडमची बदली संस्थेच्या सांगलीच्या कॉलेजात. भाऊसो ऑफिसात. मुलांनी साताऱ्याला जावं, नाहीतर इथेच बी.ए.ला नाव बदलून घ्यावं. प्राचार्यांनी भाऊसोंच्या हातात बी.ए.चे कोरे फॉर्म दिले आणि खाली बघत म्हणाले, "तेवढं बघा. आता बी.ए.लाही आकडा लागणार आहे."

सयाजींच्या अंगणात भाऊसो बसलेच नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "हवालदार, माझा शब्द ग्येला."

त्यांना वाटलं होतं, सयाजी ओरडतील. ते ओरडले असते तर भाऊसोंनी ऐकून घेतलं असतं, आणि थोडं हलकं होऊन घरी गेले असते. सयाजींनी त्यांना हाताला धरून खाटेवर बसवलं.

"तुमी तरी काय करणार," ते म्हणाले. "तुमी का सरकार हाय?"

"साताऱ्याला धाडा तिला. मी पाया पडतो. लय हुशार हाय पोरगी."

"न्हाई, भाऊसो. जायला दोन तास, याला दोन तास, आणि एसटी कवा येती कवा न्हाई. लांब न्हाई पाठवायची, हे मी पयल्या दिवशीच बोललो हुतो." सयाजींनी पिशवीतून डोकावणाऱ्या बी.ए.च्या फॉर्मांकडे बोट केलं. "बी.ए.ला घाला. घरी बसून बाहेरून पेपर दिल. आईलाबी मदत हुईल."

भाऊसोंनी पिशवीतून फॉर्म काढला. समीक्षा आतून आली. डोळे लाल होते, पण तोंड धुऊन आली होती. ती खाली मांडी घालून बसली, फॉर्म गुडघ्यावर घेतला, स्वच्छ अक्षरात नाव लिहिलं, पत्ता लिहिला, बारावीचे मार्क लिहिले. मग थांबली.

"मामा, हितं विषय इचारलाय. कुटला लिवू?"

भाऊसोंच्या डोळ्यांसमोर ऑफिसातली यादी आली. इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल. सगळीकडे जागाच जागा.

"कुटलाबी लिव, बाळा," ते म्हणाले.

समीक्षाने काही क्षण त्यांच्याकडे पाहिलं. मग तो रकाना तसाच मोकळा सोडून तिने खाली सही केली.