मांडवाचे एकशे बारा खड्डे

रन १

करडा करडा करडा करडा
करडा निळा करडा करडा
करडा करडा करडा हिरवा

ही वाडी. गिरगावातली, पण उर्वीच्या लॅपटॉपमधली. करडा चौकोन म्हणजे काँक्रीट, हिरवा म्हणजे माती, निळा तो विहिरीचा. परळच्या ऑफिसात बसून उर्वी अख्ख्या तालुक्यांचे असे चौकोन पाडायची. इथे ऊस लावला तर, तिथे तळं बुजवलं तर, जमिनीतल्या पाण्याचं काय होईल? स्वतःच्या अंगणाला मात्र ती पहिल्यांदाच हात घालत होती. गळ घातली होती शेजारच्या विल्मा आंटीनं.

"रविवारी मीटिंग हाय. तुझा बाप बोलतो, विहीर सुकली, भरून टाकू, पार्किंग करू. आनि मे महिन्यात माझ्या शॅननचं लग्न. उंबराचं पानी काय टँकरमधून काढू गो?"

उंबराचं पाणी म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी बँड वाजवत विहिरीवर जायचं, पाणी काढायचं आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालायचं. विल्माच्या घरची प्रत्येक नवरी याच विहिरीच्या पाण्यानं न्हाली होती.

उर्वीनं मॉडेल चालवलं, म्हणजे चौकोनांवर वर्षभराचा पाऊस सोडला. हा पहिला रन. निळा चौकोन फेब्रुवारीतच पांढरा पडला.

म्हणजे कोरडा.

रन ४

गच्चीचं पाणी पाइपानं विहिरीत सोडून पाहिलं. मार्चचा पहिला आठवडा. पांढरा.

रन ९

पाऊस दीडपट केला. मे महिन्यातही पाणी! उर्वीनं इकडेतिकडे बघितलं, जीभ चावली आणि रन पुसून टाकला.

(दहा ते पंधराबद्दल न बोललेलं बरं.)

शनिवार. रन नाही.

"कोरडी ना?" वाडीचे सेक्रेटरी आणि उर्वीचे पपा, म्हणजे मनमोहन, खुशीत म्हणाले. "आम्ही हे कॉम्प्युटरशिवाय सांगितलं होतं."

"तू झाकण उघडून बघितलंस, पपा?"

"आठ वर्षं बंद आहे. त्यात काय बघायचं?"

पण उर्वीनं तरी कुठे बघितलं होतं? ऑफिसात ती सगळ्यांना दटावायची, आधी एक तरी खरी विहीर मोजून या. घरच्या विहिरीला विसरली.

विल्मानं पहार आणली. झाकण कर्कश्श ओरडत सरकलं. दोरीला बांधलेली पितळी कळशी खाली गेली, गेली, गेली...

डुबुक.

एप्रिल महिना आणि अकरा फुटांवर पाणी! विल्मा गाऊन सावरत जागच्या जागी नाचली.

"आता बोल, मनू!"

"पालिकेचा पाइप गळत असेल. दुरुस्त झाला की कोरडी."

उर्वीला मॉडेल चुकल्याचा असा आनंद कधीच झाला नव्हता. पण पाणी येतं कुठून? ती अंगणाचं काँक्रीट न्याहाळत चालू लागली आणि तिची चप्पल एका खड्ड्यात अडकली.

"आंटी, हे काय?"

"माझ्या लग्नाच्या मांडवाचा खांब. तो डेन्झिलच्या लग्नाचा. तो रायनच्या बाप्तिस्म्याचा. आनि हा कोनाचा, ते तुझ्या बापाला विचार."

पपा खाकरले. "आपल्या राजसच्या मुंजीचा."

"बुजवला नाहीस?" उर्वीनं विचारलं.

"वाळू टाकली की! सिमेंट कशाला? पुढचं कार्य येतंच."

शेजारच्या गल्लीत पावसाचं पाणी गुडघाभर साचतं आणि इथे दहा मिनिटांत क्रिकेट सुरू होतं, ते उगाच नाही! पाणी या खड्ड्यांतल्या वाळूतून खाली मुरत होतं. उर्वी खडू घेऊन मोजत सुटली. पपाही "हा बघ, तुझ्या बारशाचा," करत पुढे झाले, आणि शेवटचे तीन तर त्यांच्याच गाडीखाली सापडले.

एकशे बारा.

रन १६

करडा खड्डा करडा खड्डा
खड्डा निळा खड्डा करडा
करडा खड्डा करडा हिरवा

एप्रिल: साडेअकरा फुटांवर पाणी. कळशीपेक्षा फक्त अर्ध्या फुटाचा फरक. मे: तेरा फुटांवर. निळा, निळा, निळा!

"आणि विहीर ठेवून नुसते खड्डे बुजवले तर?" पपांनी हळूच विचारलं.

"मग रन एक, पपा. पांढरा."

रविवार

मीटिंग नऊ मिनिटं चालली. "विहीर राहील," सेक्रेटरी म्हणाले. "शॅननच्या मांडवाला आठ खांब लागतील. कुठे खणल्यानं जास्त पाणी मुरेल, ते उर्वी सांगेल."

उर्वीनं लॅपटॉप उघडला. वेगवेगळा पाऊस धरून वीस रन केले. वीसच्या वीस वेळा एकच कोपरा सरस ठरला.

"पपा, तुझी गाडी असते ना, तिथे."

विल्मानं पहार त्यांच्याच हातात दिली.