तोच नंबर

महिनाअखेर जुनी तांब्याची टेलिफोन लाइन बंद होणार, असा कंपनीचा निरोप आला आणि ललिताबाई गायकवाडांची झोप उडाली. यापुढे घरचा फोन इंटरनेटवरून चालणार होता, आणि तो कोणत्या कंपनीचा घ्यायचा हे त्यांनाच ठरवायचं होतं.

हैदराबादेहून मुलगी निकिता रोज विचारायची, "आई, ठरलं का? ती नवी कंपनी घे. नेट फास्ट आहे, उद्या येऊन जोडतील."

"आणि नंबर?"

"नंबर नवा मिळेल. काय फरक पडतो? तुझा मोबाईल आहेच की."

फरक सीतारामरावांना पडणार होता. पोस्टात पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या ललिताबाईंच्या या नवऱ्याला आता सकाळचं दुपारी आठवत नसे. मोबाईल ते कुठेही विसरत, खिशातली चिठ्ठी कचरा समजून फेकून देत. पण घरच्या फोनचे आठ आकडे डोक्यात पक्के बसले होते. दिवाळीआधी ते मार्केट यार्डात चुकले, तेव्हा एका फळवाल्याला त्यांनी तेवढेच सांगितले आणि सुखरूप घरी आले.

म्हणून ललिताबाईंनी जुन्याच कंपनीचा इंटरनेट फोन घेतला. वेग कमी, पण नंबर तोच. वीज गेली की फोन मुका होईल म्हणून वेगळी बॅटरीही आणली. तरी जिवाला घोर होताच.

मंगळवारी अकरा वाजता अवधूत नावाचा तंत्रज्ञ बिबवेवाडीतल्या त्यांच्या घरी आला. "दोन तासांत चालू होईल, काकू," म्हणत त्याने जुनी लाइन तोडली. केबल आत घ्यायला दार उघडं ठेवलं होतं. इंटरनेटचा डबा कुठे लावायचा ते दाखवायला ललिताबाई आत गेल्या. बाहेर आल्या तर सीतारामरावांची खुर्ची रिकामी होती आणि दाराशी त्यांच्या चपला नव्हत्या.

त्या धावतच खाली गेल्या. वाण्याने पाहिलं नव्हतं, रिक्षा स्टँडवरच्यांनीही नाही. परत येऊन त्यांनी मोबाईलवरून घरचा नंबर लावला. 'हा क्रमांक अस्तित्वात नाही,' पलीकडून बाई शांतपणे म्हणाली.

"कोणालाही हेच ऐकू येत असणार," ललिताबाई म्हणाल्या. "ते नंबर सांगत असतील, आणि लोक त्यांनाच वेडं समजत असतील."

अवधूतच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. त्याने ऑफिसला फोन लावला. "साहेब, दोन तासांनी नाही, आत्ता चढवा जुना नंबर नव्या लाइनवर. घरातले आजोबा हरवलेत." तिकडून कोणी तरी जेवणाची सुट्टी सांगत होतं. "मग मी फोन धरून बसतो," अवधूत म्हणाला, आणि खरंच चाळीस मिनिटं बसला.

ललिताबाई पोलीस चौकीत जायला चपला घालत होत्या, तेवढ्यात डब्यावरचा हिरवा दिवा लागला. दहा मिनिटांनी फोन वाजला.

"मी द्वारका बोलतेय, अप्पर बस डेपोजवळ टेलरिंगचं दुकान आहे माझं. इथे एक आजोबा बसलेत. तासभर हाच नंबर सांगतायत, पण लागतच नव्हता. मी म्हटलं, एकदा शेवटचा लावून बघू."

अवधूतने ललिताबाईंना गाडीवरून तिथे नेलं. सीतारामराव दुकानात स्टुलावर बसून चहा पीत होते. बायकोला पाहून म्हणाले, "फोन उचलायचा नसेल तर घेतेस कशाला?"

ललिताबाईंना हसू आलं नाही. शेवटचा एकदा लावला नसता तर, एवढंच डोक्यात घोळत होतं.

"द्वारकाताई," त्या म्हणाल्या, "यांच्या सगळ्या सदऱ्यांच्या आत माझा मोबाईल नंबर शिवून द्याल? आठ सदरे आहेत."

"द्या आणून. उद्या संध्याकाळी मिळतील."

"आजच नाही का जमणार?"

द्वारकाने त्यांच्याकडे पाहिलं, हातातलं ब्लाऊज बाजूला ठेवलं आणि मशीनमध्ये पांढरा दोरा ओवला. "आधी हा अंगातला काढा, आजोबा."

सीतारामराव नाखुशीने बटणं सोडू लागले.